प्रयुक्त क्रमांक सव्वीस

कर्वे रोडवरच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पूर्वी टायपिंगच्या परीक्षा व्हायच्या त्या खोलीत
मी आकडे वाचते.
सेकंदाला एक. आवाजात चढ नको, उतार नको,
सरांनी तीनदा बजावलंय.
चार. नऊ. दोन. सात.
समोरच्याने ते ओंजळीत धरायचे
आणि मी थांबले की परत द्यायचे, त्याच क्रमाने.

कोणी पाच देतं, कोणी सहा.
बी.कॉमचा एक मुलगा आठपर्यंत गेला नि घामाघूम झाला.
सातच्या पुढे बहुतेकांचे चेहरे
भरलेल्या पीएमटीसारखे होतात,
मागून एक चढला की पुढून एक उतरतो.

एस्तेर उजागरे, वय एकाहत्तर, राहणार फातिमानगर.
शिक्षणाच्या रकान्यात ‘जुनी मॅट्रिक’.
व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं
‘ट्रंक ऑपरेटर’, आणि खाली रेघ मारली.
डोळे मिटून, ओठ किंचित हलवत
नऊ आकडे दिले. मग दहा.
उलटे विचारले तर उलटे सात.
मी वर पाहिलं.
“अगं, हे धरणं नव्हे. कानातून आला, बोटांतून गेला.
मध्ये थांबला तर पुढचं गिऱ्हाईक ओरडतं.”

मग चौकोन.
पडद्यावर क्षणभर सहा रंग, मग कोरं,
मग एकच चौकोन: हा होता का? इथेच होता का?
इथे बाई अडखळल्या. तीन राहिले, चौथा गेला.
“रंगांना आवाज नसतो गं.”
दुसऱ्या खेपेला बघते तर पुटपुटतायत,
पोपटी, वीटकरी, आमसुली...
चित्राला गुपचूप
कानाच्या दाराने आत घेत होत्या.

त्यावरही आमच्याकडे उपाय आहे.
तोंड गुंतवून ठेवायचं. एकच शब्द, सलग.
मी यादीतला दिला: टपरी.
टपरी टपरी टपरी टपरी, म्हणत राहिल्या,
देवळातल्या बाकावर बसावं तशा ताठ बसून,
आणि मी आकडे वाचले,
आणि नवातले उरले चार.
माझ्या वहीत हे अपेक्षितच होतं.
मला मात्र वाटलं, कोणाच्या तरी हातातली
भरलेली ताटं मी धक्का देऊन पाडली.

पाणी प्यायल्या. रिक्षाभाड्याच्या पावतीवर सही केली.
उठता उठता म्हणाल्या, एक राहिलाय बरं का माझ्याकडे.
नाइट ड्यूटी. मिरजेहून कोणी बाई, लाइटनिंग कॉल,
इथला पाच आकडी नंबर.
रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं.
पॅड संपलेलं, म्हणून तोंडानेच धरला, पहाटेपर्यंत,
मधल्या सगळ्या नंबरांवर पाय देऊन.
“मग? उचलला?”
“ड्यूटी संपली ना माझी.”
आणि तो नंबर म्हणाल्या.
म्हणताना उजवा हात टेबलावरून उठला,
कुठलीशी दोरी ओढून
हवेतल्या एका भोकात खुपसली.

फॉर्मवर याला रकाना नाही.
वाटलं, पाचच तर आकडे, माझा पल्ला सातचा.
म्हणत निघाले. मेट्रोच्या खांबांखालून,
सिग्नलवर उलटे सेकंद मोजणाऱ्या दिव्याकडे पाठ करून.
म्हात्रे पुलाला लागेपर्यंत होता.
पुलावर बाइकवरच्या एकाने विचारलं,
“राजाराम पूल हाच का?”
हा नव्हे, म्हटलं, तो अजून पुढे,
आणि पुढचं पाऊल टाकलं तेव्हा
ओठांवर काही नव्हतं.
मध्ये एक शून्य होतं. बहुधा.

हात मात्र दिसतो. अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग,
कोपर टेबलापासून चार बोटं वर,
आणि ते खुपसणं,
अंधारात किल्लीला कुलूप सापडावं तसं.
पुलावर उभी राहून मी ते करून पाहिलं,
दोनदा.
शेंगदाणेवाल्याला वाटलं, त्यालाच बोलावतेय.
“दहाचे देऊ का?” म्हणाला.